३१५ बोअरच्या रायफलीचा खांद्याला बसणारा धक्का कमी कसा करावा?

बांधावरचा (जिंतूर, जि. परभणी) यांचा प्रश्न

वडिलांच्या पश्चात त्यांची ३१५ बोअरची रायफल रीतसर परवान्यासह गेल्या वर्षी माझ्या नावावर झाली. ती नुसती कपाटात ठेवण्यापेक्षा नीट चालवता यावी, या हेतूने मी परवानगी घेऊन चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, सरावास जाऊ लागलो. आतापर्यंत तीन रविवार झाले असून दर वेळी बारा काडतुसे झाडली आहेत. अंतर ५० मीटर, पडून, म्हणजे लाइंग पोझिशनमध्ये.

अडचण अशी की पहिल्या तीन-चार गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात आणि त्यानंतर नेम खाली घसरू लागतो. बाराव्या गोळीपर्यंत तर कागदावर छिद्र शोधावे लागते. खांदा दुसऱ्या दिवशी काळानिळा पडतो. माझी उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ५८ किलो आहे. रायफल रिकामी असताना घरच्या काट्यावर साडेतीन किलोच्या आसपास भरते. दस्त्याच्या मागे कठीण पट्टी आहे, रबर नाही. वडील हीच रायफल नुसत्या सदऱ्यानिशी चालवत आणि कधी हूं की चूं करीत नसत, परंतु ते अंगापिंडाने माझ्या दीडपट होते.

दुसऱ्या रविवारी मी एक उपाय करून पाहिला. जुन्या वाकळेचा तुकडा चार पदरी दुमडून सदऱ्याच्या आत खांद्यावर ठेवला आणि सुतळीने बांधला. दोन गोळ्या सुखाने गेल्या. तिसऱ्या वेळी घामाने वाकळ सरकली, बट, म्हणजे दस्त्याचे मागचे टोक, गळपट्टीच्या हाडाच्या टोकावर बसला आणि दोन दिवस मला उजव्या हाताने दुधाची किटली उचलता आली नाही.

आता सल्ले तीन प्रकारचे मिळत आहेत. एक म्हणतात, रबराचे पॅड बसवून घ्या. दुसऱ्या मित्राचे म्हणणे असे की ओळखीच्या लेथवर नळीच्या तोंडाला आटे पाडून मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारे टोपण) लावला की धक्का निम्मा होतो. तिसरे म्हणतात की काही करू नका, अंगवळणी पडेल. यांपैकी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उदगीरकर (निवृत्त हवालदार)

बांधावरचे साहेब, लेथचा विचार आजच डोक्यातून काढून टाका, बाकीचे नंतर बोलू. शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करणाऱ्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार त्याचा परवाना असावा लागतो. ट्रॅक्टरचे शाफ्ट घासणारा कारागीर कितीही हुशार असला तरी हे काम त्याचे नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी नळीचे छिद्र आणि बाहेरचे आटे यांचा मध्य एक नसेल, तर गोळी जाता जाता ब्रेकच्या कडेला घासते. मग धक्का कमी झाला काय आणि वाढला काय, नेमाचा प्रश्नच संपला.

आता मला एवढेच सांगा की निळा डाग नेमका कुठे उमटतो. खांद्यावर म्हटल्याने कळत नाही. आरशासमोर उभे राहून बघा आणि डागाचा आकारही लिहा.

बांधावरचा

हवालदार साहेब, आज सकाळी आरशात पाहिले. डाग खांद्याच्या खळग्यात नसून दंडाकडे, जिथे बाहीची शिवण येते तिथे आहे. आकार अर्ध्या चंद्रासारखा असून त्याची खालची कड अधिक गडद आहे. गळपट्टीच्या हाडावरचा जुना डाग आता पिवळा पडला आहे.

उदगीरकर

निम्मे उत्तर त्या डागानेच दिले. बट खांद्याच्या खळग्यात बसतच नाही, तो दंडाच्या सांध्यावर बसतो आहे, आणि तोही पूर्ण नव्हे तर खालच्या टोकाने. सगळा धक्का दोन बोटांच्या जागेवर येत असेल तर तो लागणारच.

छातीचा स्नायू आणि खांद्याचा गोल यांच्यामध्ये, गळपट्टीच्या हाडाच्या खाली, एक मऊ खळगा असतो. रिकामा उजवा हात समोर करून कोपर थोडे वर उचलले की तो डाव्या हाताच्या बोटांना लागतो. बट त्या खळग्यात, हाडाला न लागता, वरपासून खालपर्यंत सपाट टेकला पाहिजे. पडून गोळी चालवताना नवशिका माणूस कोपर अंगाजवळ ओढून घेतो, त्यामुळे खळगा बुजतो आणि बट दंडाकडे सरकतो. कोपर थोडे बाहेर राहू द्या, खळगा आपोआप उघडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे फट. धक्क्याच्या भीतीने माणूस रायफल खांद्यापासून बोटभर लांब धरतो आणि तिथेच फसतो, कारण तेवढ्या अंतरात रायफल पूर्ण वेग घेते आणि मग खांद्यावर आदळते. बट आधीपासून टेकलेला असेल तर ती आदळत नाही, ढकलते. आपल्याकडच्या मोंढ्यात हमाल ट्रकवरून पोते कसे घेतो ते पाहा. तो पोत्यापासून दूर सरकत नाही, उलट पाठ पोत्याला लावतो आणि वजन आले की गुडघ्यात थोडा दबतो. अंग चोरणाऱ्या हमालाचीच कंबर जाते.

तिसरी गोष्ट, पडून चालवणे. ही पोझिशन नेमाला सर्वांत चांगली आणि धक्क्याला सर्वांत वाईट, कारण अंगाला मागे जायला जागाच नसते. सराव सुरू करताना काही दिवस उभे राहून किंवा बसून चालवा. उभे असताना डावा पाय पुढे, वजन किंचित पुढच्या पायावर. पुष्कळ जण मागे रेलतात आणि मग धक्का त्यांना टाचेवर ढकलतो.

मी १९८६ मध्ये भरती झालो तेव्हा आमच्या हातात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल होती. नंतर लहान काडतुसाची इन्सास रायफल आली. दोन्हींच्या धक्क्यात जमीन-अस्मानाचा फरक, पण एसएलआरवर शिकलेल्या आमच्या पिढीला होल्ड, म्हणजे रायफल धरण्याची पद्धत, पक्का करावाच लागला. तुमचे वडील धिप्पाड होते म्हणून त्यांना धक्का जाणवत नसे, असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते की त्यांचा होल्ड चांगला होता.

एवढे करून रायफल घट्ट, अगदी जीव लावून घट्ट धरा.

नांदेडचे मास्तर

हवालदार साहेबांच्या म्हणण्याला थोडे गणित जोडतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आणि संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना बंदुकीचे उदाहरण दर वर्षी फळ्यावर येते, फक्त मुलांना खांदा दुखत नसल्यामुळे ते त्यांना पटत नाही.

जुन्या लष्करी .३०३ रायफलीचे आकडे सर्वज्ञात असल्यामुळे तेच घेतो. गोळी सुमारे ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. गुणाकार केला की गोळीचा संवेग ८.४ येतो. काडतुसातील दारू सुमारे २.४ ग्रॅम असते आणि तिचा वायू गोळीपेक्षाही अधिक वेगाने बाहेर पडतो. तो वेग १,२०० मीटर धरला तर आणखी २.९ ची भर पडते. एकूण ११.३. रायफल ४ किलोची असेल तर ती सेकंदाला २.८ मीटर वेगाने मागे येईल आणि तिच्यात सुमारे १६ ज्यूल ऊर्जा असेल. तीच गणना छात्रसेनेच्या .२२ रायफलीसाठी केली तर उत्तर ज्यूलच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतके येते, म्हणजे शंभर पटींहून अधिक फरक. तुमच्या ३१५ ची गोळी .३०३ च्या गोळीपेक्षा जड आहे आणि तुमची रायफल हलकी आहे, म्हणून तुमचा धक्का या हिशोबापेक्षा थोडा जास्तच समजा.

आता वजनाचे पाहू. संवेग तोच राहिला तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. साडेतीन किलोच्या रायफलीत जी ऊर्जा १८ ज्यूल आहे, ती चार किलोला १६ होते. दुर्बीण आणि पट्टा लावल्याने अर्धा किलो वाढले तरी एवढा फायदा मिळतो. तो नगण्य नाही, परंतु शेताच्या बांधावरून रायफल वागवणाऱ्याला तो परवडेलच असे नाही.

रबराच्या पॅडविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. पॅड ऊर्जा फारशी कमी करत नाही, ती खांद्यापर्यंत पोहोचण्याचे अंतर आणि वेळ वाढवते. १६ ज्यूल एका सेंटिमीटरमध्ये थोपवायचे असतील तर सरासरी बल जवळपास १६० किलो वजनाइतके लागते. तेच तीन सेंटिमीटरमध्ये थोपवले तर साधारण ५४ किलोइतके. ही दोन अंतरे मी केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत, कारण प्रत्यक्षात पॅड दबते, स्नायू दबतो आणि धडही मागे जाते. हवालदार साहेबांचा हमाल गुडघ्यात दबतो तो याच कारणाने. वाकळेची कल्पना म्हणूनच तत्त्वतः चुकीची नव्हती, ती बांधण्याची पद्धत चुकीची होती. कापूस एकदा दबला की दबून राहतो, चांगले रबर पुन्हा फुगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते दस्त्याला पक्के असते, अंगाला नव्हे.

पॅड बसवताना एक काळजी घ्या. दोन सेंटिमीटर जाडीचे पॅड लावले म्हणजे दस्ता दोन सेंटिमीटर लांब झाला. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला मूळचाच दस्ता लांब पडत असण्याची शक्यता आहे. उजवा हात कोपरात काटकोनात वाकवून, रिकाम्या रायफलीचा बट दंडाच्या वळणात टेकवून पाहा. तर्जनीचे पहिले पेर घोड्यावर सहज पोहोचले पाहिजे. ओढाताण होत असेल तर पॅडच्या जाडीइतका किंवा त्याहून थोडा अधिक दस्ता कापून घ्यावा लागेल, आणि ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच व्हावे. लांब दस्ता हाच तुमचा बट दंडावर सरकण्यामागचा मूळ दोष असू शकतो, कारण हात पुरत नाही तेव्हा माणूस नकळत खांदा मागे वळवतो.

मझल ब्रेकविषयी बोलायचे तर मित्राचे विधान शास्त्रदृष्ट्या अगदीच निराधार नाही. वर आलेल्या ११.३ मध्ये २.९ वाटा वायूंचा होता. ब्रेक त्या वायूंना पुढे न जाऊ देता बाजूला वळवतो. ऊर्जा संवेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वायूंचा एवढाच वाटा काढून टाकला तरी ऊर्जा १६ वरून ९ च्या आसपास येते. मात्र हा सौदा कानाच्या किमतीवर होतो. जो आवाज समोर जायचा तो चालवणाऱ्याकडे आणि शेजारी पडलेल्याकडे वळतो. शेजारी पडलेला माणूस पुन्हा तुमच्या शेजारी पडायला तयार होत नाही, ही त्यातली कमी महत्त्वाची बाजू.

माजी कॅडेट (लातूर)

वरील दोघांचेही म्हणणे मला मान्य आहे, परंतु मूळ प्रश्नात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र झाली आहेत, असे वाटते. खांदा निळा पडणे हे एक. पाचव्या गोळीपासून नेम खाली जाणे हे दुसरे. पहिल्यावर होल्ड आणि रबर हे उपाय आहेत. दुसरे दुखणे केवळ रबराने बरे होणार नाही, कारण ते खांद्यात नाही.

मास्तरांचेच आकडे पुढे नेते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे दोन सहस्रांशही लागत नाहीत. तोपर्यंत .३०३ सारखी रायफल मागे सरकलेली असते फक्त सुमारे दोन मिलिमीटर. आवाज ऐकून जाणीवपूर्वक प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण दीडशे सहस्रांश सेकंद लागतात, आणि नकळत दचकायलाही वीस-तीस तरी लागतात. म्हणजे धक्क्याने दचकून गोळी बिघडवणे माणसाला शक्यच नाही. गोळी बिघडते ती धक्का येणार म्हणून आधीच दचकल्यामुळे. पहिल्या तीन गोळ्या चांगल्या जातात, कारण अंगाला अजून आठवण झालेली नसते. पाचव्या गोळीला आठवण झालेली असते, डोळा मिटतो, खांदा पुढे येतो आणि नळीचे तोंड खाली जाते.

याची खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग आहे. डमी काडतुसे, म्हणजे दारू आणि टोपी नसलेली निर्जीव काडतुसे, मिळवा. चांदमारीवर सोबत्याला सांगा की त्याने एक-एक काडतूस भरून द्यावे, कधी खरे, कधी डमी, आणि तुम्ही त्याकडे पाहू नये. डमीवर घोडा दाबला की नुसता टक् असा आवाज येईल आणि त्या क्षणी माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) कुठे गेली हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आमच्या शिबिरात ही चाचणी झाली तेव्हा माझी माशी चक्क निशाणाच्या खांबाच्या बुडाशी जाऊन थांबली होती. तोवर मी रायफलीचा झिरो, म्हणजे नेमाची जुळणी, बिघडला आहे असे छातीठोकपणे सांगत होते. .२२ वर हे झाले, म्हणजे धक्का नावापुरताच असताना. मग मी घाबरत होते कशाला? आवाजाला.

म्हणून माझा पहिला खर्च रबरावर नसून कानांवर झाला असता. आत फोमचे बोळे आणि वर कानझाकण, असे दोन्ही एकदम लावून पाच गोळ्या चालवा. खांद्याला बसणारा धक्का तितकाच असूनही तो कमी वाटतो, हा अनुभव मी अनेकांना आल्याचे पाहिले आहे. आपण ज्याला धक्का म्हणतो त्यातला बराचसा भाग कानातून आत येतो.

हवालदार काकांशी एका बाबतीत आदरपूर्वक मतभेद आहे. "जीव लावून घट्ट" हे सांगणे सैनिकाला ठीक, नवशिक्याला नाही. तो दात-ओठ खाऊन धरतो, हात थरथरतात आणि घोड्यावरचे बोटही ताठ होते. उजव्या हाताच्या मागच्या तीन बोटांनी रायफल सरळ खांद्यात ओढावी, जोर साधारण कुणाशी हस्तांदोलन करतो तेवढा. गाल दस्त्यावर टेकलेला असावा. तो अधांतरी राहिला तर दस्ता वर उसळून गालफडावर लागतो. आणि दुर्बीण लावण्याचा विचार असेल तर डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटर अंतर राखा, नाही तर भुवईवर टाके पडतात.

शेवटी संख्येविषयी. बारा गोळ्या ही नवशिक्यासाठी जास्त आहेत. दचकणे सुरू झाल्यावर चालवलेली प्रत्येक गोळी दचकण्याचाच सराव घडवते. तीन खऱ्या, तीन डमी, पुन्हा दोन खऱ्या, आणि उठा. उरलेला सराव घरी रिकाम्या रायफलीवर, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर करावा.

उदगीरकर

लातूरच्या ताई बरोबर बोलल्या, "जीव लावून" हे शब्द मागे घेतो. आमच्या उस्तादांची भाषा तोंडात बसली आहे.

कानांचे मात्र मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्या वेळी फार तर कापसाचा बोळा असे, आणि तोही घातला तर सोबती हसत. आज माझ्या डाव्या कानात रात्रंदिवस रातकिडा वाजतो. डाव्याच कानात, कारण उजव्या खांद्यावरून चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. फोन मी उजव्या कानाला लावतो.

बांधावरचा (दीड महिन्यानंतर)

सर्वांचे आभार. काय काय केले ते लिहितो, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे दस्ता मोजला. तर्जनीचे टोक घोड्याला जेमतेम लागत होते, पेर पोहोचतच नव्हते. परवानाधारक कारागिराकडून दस्ता तीन सेंटिमीटर कापून त्यावर दोन सेंटिमीटरचे रबरी पॅड बसवून घेतले. वडिलांच्या रायफलीचे लाकूड कापताना जीव थोडा कासावीस झाला. कापलेला तुकडा मागून घेतला आहे, तो देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. आई म्हणाली की तुझ्या वडिलांचा हातच लांब होता.

कानांसाठी बोळे आणि झाकण दोन्ही घेतले. पहिल्याच गोळीनंतर मी सोबत्याला विचारले की काडतूस कमी ताकदीचे होते काय. काडतूस त्याच डब्यातले होते.

डमीची चाचणी लाजिरवाणी ठरली. पहिल्या डमीला नळीचे तोंड एवढे खाली गेले की सोबत्याने काही न बोलता माझ्याकडे फक्त पाहिले. चौथ्या रविवारपर्यंत ते खाली जाणे बोटभरावर आले आहे, पूर्णपणे थांबलेले नाही. आता मी आठच गोळ्या चालवतो आणि त्यांतल्या सहा तरी तळहातात बसतात. उभे राहून चालवल्याने खांद्यावर डाग पडत नाही. पडून चालवल्यावर फिकट पडतो, परंतु तो आता खळग्यात असतो आणि गोल असतो.

एक शंका राहिली आहे. उभे राहून चालवताना तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर डावा हात थकतो आणि रायफल डोलू लागते. पट्ट्याचा आधार घ्यावा काय?

उदगीरकर

घ्या. पट्टा डाव्या दंडाला, कोपराच्या वर, एक वेढा देऊन ताणून धरा. मात्र आधी पट्ट्याची कडी आणि तिचा स्क्रू तपासा. जुन्या रायफलीत तो स्क्रू लाकडात सैल झालेला असतो आणि ताण दिला की सुटतो.